खालच्या टोकाची गाठ

६ फेब्रुवारी

ठकू,

सहा वर्षांनी पत्र आले म्हणून बापाचे मन पाघळले असे समजू नकोस. काम आहे म्हणून लिहितो. माझ्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला आहे.

अख्खा नाही. नखाच्या कडेला, वाटाण्याएवढा. तीन महिन्यांपासून दोनशे पावले चालले की पोटरीत गोळा येत होता. आता चालावेही लागत नाही. पडल्या पडल्या पाऊल ठणकते आणि पलंगावरून खाली लोंबते सोडले की जरा बरे वाटते. चाळीस वर्षे मी हाच प्रश्न लोकांना विचारत आलो, "पाय खाली सोडून झोपावं लागतं का?" म्हातारा हो म्हणाला की मी मनात म्हणायचो, हा आला आपल्या टेबलावर. काल बुटक्याने मला तोच प्रश्न माझ्याच आवाजात विचारला. एक थोबाडीत द्यावी असे वाटले.

बुटका आठवतो ना? माझा शेवटचा विद्यार्थी, तुझ्या मागून दोन वर्षांनी आलेला, स्टुलावर उभा राहून टाके घालणारा. आता विभागप्रमुख झाला आहे. स्टूल तेच आहे.

आणि हो, सिगारेट. ओढत होतो. थिएटरच्या मागे मोडक्या ट्रॉल्या ठेवायची खोली होती, तिथे, रोज चार. रोग्यांना मी म्हणायचो, "सिगारेट की पाय, काय ते एक ठरवा," आणि जो घुटमळेल त्याला दारातून परत पाठवायचो. तुझ्या आईला ठाऊक होते. तुला नव्हते, आता झाले. हसून घे.

तर मांडीच्या मध्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत माझी मुख्य रक्तवाहिनी बंद आहे. बुटका म्हणतो, "सर, आधी फुगा घालून बघू. पूर्ण भूल नको, तुमच्या छातीचा भरवसा नाही." म्हणजे तुमचा तारवाल्यांचा धर्म: जांघेतून तार सरकवा, फुगा फुगवा, जाळी बसवा, संध्याकाळी माणूस घरी. आम्ही सुरीवाले. पायातलीच एखादी शीर काढायची आणि बंद भागाला वळसा घालून जोडून द्यायची. एक मोठा अभ्यास म्हणतो, शीर चांगली असेल तर आधी बायपास. दुसरा म्हणतो, आधी फुगा, माणसे जास्त जगतात. जो तो आपल्या सोयीचा अभ्यास खिशात घालून हिंडतो. मी बुटक्याला खोलीबाहेर काढले. खोली त्याची होती, ते नंतर लक्षात आले.

माझी शीर चांगली आहे. मशीनवर मापून घेतली. जांघेपासून घोट्यापर्यंत सलग साडेतीन मिलिमीटर, कुठे फाटा नाही, कुठे घट्टा नाही. एकाहत्तराव्या वर्षी अशी शीर बाळगणारा माणूस तू पाहिला नसशील. शिरेचा नकाशा सोबत जोडला आहे.

तू ये आणि बायपास कर. बुटक्याचा हात वाईट नाही, पण तो घाबरट आहे. तुझा हात माझा आहे. बाकी तुझ्यात माझे काही उतरले नाही, हे मी पूर्वीच सांगितले होते.

— बाप


१७ फेब्रुवारी

ठकूबाई,

तुझे उत्तर मिळाले. टाइप केलेले, शिक्का मारलेले. "आदरणीय सर, आपले पत्र व नकाशा पोहोचला. स्थानिक डॉक्टरांचा सल्ला योग्य वाटतो. विलंब टाळावा." तीन वाक्ये. मी बिलाच्या तक्रारींनासुद्धा याहून लांब उत्तरे देत होतो.

आणि सर? थिएटरमध्ये सर म्हणायचे आणि घरी बाबा, हा नियम मीच केला होता, कबूल. पहिल्या दिवशी तू चुकून बाबा म्हणालीस तर मी सगळ्यांसमोर चिमटा खाली ठेवला होता आणि तू सर म्हणेपर्यंत उचलला नव्हता. पण मी आता थिएटरमध्ये नाही. घरच्या खुर्चीत आहे, पाय स्टुलावर आहे, मोजा घालता येत नाही.

तू अजून त्या सभागृहात बसून आहेस, हे मला कळते. चारशे सर्जन, मोठा पडदा, त्यावर एका बाईच्या पायाचा एक्स-रे, आत तारवाल्यांनी बसवलेली जाळी आणि ती जाळी आतून बुजत चाललेली. मी म्हणालो होतो, "भावनेच्या हातात तार दिली की असं होतं." लोक हसले. मागच्या रांगेतला एकजण टाळ्या वाजवायला लागला. तू तिसऱ्या रांगेत होतीस. गुडघ्यातला जुना स्क्रू तू ओळखलास. जिन्यावरून पडली तेव्हा बसवलेला. तुझ्या आईचा पाय होता तो. जाळी तू बसवली होतीस.

नाव झाकले होते. सगळे नियमात होते. तू उठून गेलीस आणि मी पुढचे चित्र लावले.

आता तू म्हणशील, ती जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. नव्हता झाला. मला त्या दिवशी कोणाच्या तरी माथी मारायचे होते आणि तू समोर होतीस.

अंगठा अर्धा काळा झाला आहे. शेजारच्या बोटाचा रंग मला आवडत नाही. लवकर कळव.

— बाप


२८ फेब्रुवारी

ठकू,

उत्तर नाही. बरे.

काल थिएटरची सिस्टर आली होती. तीच, आपली, जिच्यासमोर माझा आवाज खाली यायचा. निवृत्त व्हायला चार महिने राहिले आहेत तिचे. बुटक्याने पाठवली असणार. तिने पट्टी सोडली, वास घेतला, माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

"साहेब, किती दिवस झाले याला?"

"तीन आठवडे."

"तुमच्याकडे कोणी तीन आठवड्यांनी आला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"फाडून खाल्लं असतं."

"मग?" ती म्हणाली. "बुटके साहेब उद्या सकाळी घ्यायला तयार आहेत. फुगा तर फुगा. पाय वाचला तर काय बिघडलं?"

मी म्हणालो, ठकू येणार आहे. ती पट्टी बांधत राहिली. मग म्हणाली, "बोलवा. पण नीट बोलवा. तुम्ही माणसाला बोलावता तेसुद्धा रागावल्यासारखं." ती गेल्यावर मी नीट बोलावणारे पत्र लिहायला घेतले आणि चार कागद फाडले. मला जमत नाही. हे पाचवे.

तुझ्या टेबलामागच्या भिंतीवर त्या कागदाची प्रत अजून असेल का? मूळ कागद बुटक्याने विभागात अजून ठेवला आहे. माझ्या अक्षरातला. "शिरेत झडपा असतात. त्या रक्ताला वरच जाऊ देतात, खाली नाही. बायपासला रक्त खाली न्यायचे असते. म्हणून शीर उलटी करून जोडा: खालचे टोक वर, वरचे टोक खाली. शीर बाहेर काढताक्षणी खालच्या टोकाला काळ्या रेशमाची गाठ मारा. गाठ वर दिसेपर्यंत सुई उचलू नका." पस्तीस वर्षे मी हे घोकून घेतले. शीर भांड्यात पडली की दोन्ही टोके सारखीच दिसतात. गाठ नसेल तर देवही ओळखू शकणार नाही. तू दुसऱ्या वर्षाला असताना शिवणाच्या दोऱ्यावर सराव करायचीस, आई ओरडायची की सगळे रीळ गुंतवून ठेवलेस.

तिच्याबद्दल मला तुला काही

नाही. पुढच्या वेळी.

दुसरे बोट गेले आहे.

— बाप


९ मार्च

ठकू,

आता नीट बोलावणे बास. सिस्टरने सांगितले तसे जमत नाही, तर मला जमते तसे बोलावतो.

तुझ्या आईच्या ऑपरेशनच्या कागदावर माझ्या सहीने लिहिले आहे: "शीर सुमार दर्जाची निघाली. जोडणी पुन्हा करावी लागली. आधी बसवलेल्या जाळीमुळे रक्तवाहिनी खराब झालेली." तिच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या समितीने तेच वाचले. सभागृहानेही तेच ऐकले. आता खरे काय ते वाच. तुला माहीत आहे, तरी वाच.

बायकोवर स्वतः सुरी धरू नये, हे पुस्तकात आहे. ते पुस्तक मीच शिकवायचो. तू म्हणालीस, "सर, जाळी अजून थोडी उघडी आहे. पुन्हा फुगा घालू. तिचं हृदय हे सोसणार नाही." मी म्हणालो, "आता तोंड उघडलंस तर हात धुऊन बाहेर व्हायचं." सिस्टरने मान खाली घातली. भूलवाला स्वतःच्या नळ्या बघत बसला. त्यानंतर कोणीही काही बोलले नाही.

शीर उत्तम होती. मीच काढली, मीच गाठ मारली आणि भांड्यात सोडली. उचलली तेव्हा मी तुझ्यावर चिडलेला होतो आणि हातातले टोक बघितले नाही. सरळच जोडली. पस्तीस मिनिटे शिवत होतो. वरची जोड, मग खालची. वरचे चिमटे सोडले, रक्त पहिल्या झडपेपर्यंत आले आणि थांबले. शीर फुगली आणि तिथेच गप्प झाली. मला दोन सेकंदांत कळले. काळी गाठ खालच्या बाजूला होती.

सगळे उसवले, शीर फिरवली, पुन्हा शिवले. आणखी दोन तास. पाय गुलाबी झाला, ठकू. सुंदर गुलाबी झाला. आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे हृदय थांबले.

पण खालचे टोक पहिल्यापासून तुझ्या चिमट्यात होते. गाठ तुझ्या नाकासमोर होती, माझ्या नाही. मास्कच्या वर तुझे डोळे दोनदा माझ्याकडे आले. मला वाटले, फुरंगटली आहे. नंतर, ती गेल्यावर, मला ते डोळे कळले. तू पाहिले होतेस. पस्तीस मिनिटे तू गाठ धरून उभी होतीस आणि आईपेक्षा तुला माझा हुकूम मोठा वाटला. किंवा मी पडावे असे वाटले. यातले कोणते, ते मी कधी विचारले नाही. तूही कधी सांगितले नाहीस. सभागृहात मी जाळीवर खापर फोडले तेव्हा तू उभी राहून खरे बोलू शकली असतीस. बोलली नाहीस, कारण पुढचा प्रश्न तुलाच आला असता: मग तुम्ही काय करत होता?

मला ते ठाऊक होते. म्हणूनच मी एवढ्या मोठ्या आवाजात बोलत होतो.

तर आता असे. पंधरा तारखेपर्यंत तू आली नाहीस तर मी समितीला दोन ओळी लिहीन. पहिली माझ्याबद्दल, दुसरी तुझ्याबद्दल. मी एकाहत्तर वर्षांचा आहे, माझे कोणी काही वाकडे करू शकत नाही. तुझी मात्र अजून वीस वर्षे आहेत.

हे नीच आहे, हे मला कळते. नकाशाची दुसरी प्रत जोडली आहे.

— बाप


१५ मार्च

ठकू,

तू इथे रुग्णालयातच, वऱ्हांड्याच्या पलीकडच्या खोलीत आहेस आणि मी तुला पत्र लिहितो आहे. काय करणार, तू माझ्याशी रोग्याशी बोलावे तसे बोलतेस आणि रोग्याला प्रश्न विचारता येतात, गप्पा मारता येत नाहीत. हे सिस्टरच्या हाती देतो.

तू बारीक झाली आहेस. केस पांढरे झाले तुझे, माझ्याहून लवकर.

सकाळी तू आलीस, पट्टी सोडलीस आणि म्हणालीस, "सर, पावलात पू आहे. घोट्याच्या वर चढतोय. महिन्यापूर्वी हा अंगठ्याचा प्रश्न होता." मी म्हणालो, "महिन्यापूर्वी मी बोलावलं होतं." तू म्हणालीस, "इथे सर्जन होता." बुटका स्टुलाशेजारी उभा होता, त्याने छताकडे बघितले. सदतीस दिवस, मी मोजले आहेत. एखाद्या रोग्याने पाय कुजत असताना सदतीस दिवस पत्रे लिहिली असती तर मी त्याला वेड्यांच्या डॉक्टरकडे पाठवले असते.

मग तू घोट्यामागे दोन बोटे ठेवलीस. नाडी लागत नाही हे तुलाही माहीत होते. तरी पूर्ण दोन मिनिटे ठेवलीस, डोळे मिटून, मी शिकवले तशी. मला रडू आले. तू बघितले नाहीस, किंवा बघून पेन काढलेस आणि जांघेपासून खाली शिरेची रेघ ओढायला लागलीस. गुदगुल्या झाल्या. लहानपणी तू याच पायावर बसून घोडा घोडा करायचीस.

संमतीचा कागद तू वाचून दाखवलास. "टेबलावर सर्जनला जे योग्य वाटेल ते करण्यास माझी संमती आहे." ही ओळ माझी आहे. मी तीस वर्षांपूर्वी छापून घेतली, म्हणजे मध्येच कोणाच्या नातेवाइकांना विचारायला बाहेर जावे लागू नये. तू ती हळूहळू वाचलीस आणि विचारलेस, "समजलं का?" मी म्हणालो, "मला समजावतेस?" तू पुन्हा विचारलेस, "समजलं का, सर?" मी सही केली. झोकात केली.

उद्या टेबलावर तू मला बाबा म्हणालीस तरी चालेल. मी झोपलेला असेन.

— बाबा


२ एप्रिल

ठकू,

तू तिसऱ्या ड्रेसिंगनंतर गेलीस. जाताना म्हणालीस, "एक दिवसाआड बदलायला सांगा." मी हो म्हणालो. तेवढेच बोलणे झाले.

पाय गुडघ्याखाली चार इंचांवर संपतो. शुद्धीवर आलो तेव्हा अंगठा ठणकत होता, म्हणून वाटले, वाचला. हात खाली नेला तर पांघरूण सपाट.

मी तुझा कागद मागवून वाचला. बुटका द्यायला तयार नव्हता. "शीर सुमार दर्जाची निघाली. बायपास शक्य नाही. संसर्ग वर सरकत असल्याने गुडघ्याखाली पाय काढला." पहिले वाक्य माझे आहे. शब्दही तेच आणि क्रमही तोच. सुमार हा शब्द तू एरवी कधी वापरत नाहीस.

जांघेत चार बोटांचा छेद आहे, सुरेख शिवलेला. म्हणजे तू शीर उघडून बघितलीस. चार बोटांत चांगली शीर दिसते आणि वाईटही दिसते. पू चढला की शीर बिघडू शकते, तेही खरे. सदतीस दिवसांत साडेतीन मिलिमीटरची शीर सुमार होऊ शकते. मी एखाद्या दुसऱ्या सर्जनचा कागद वाचत असतो तर मान डोलावली असती.

सिस्टरला विचारले. ती सलाइनची बाटली बदलत होती. म्हणाली, "मी धागे मोजते, साहेब. शिरा नाही." तुझ्या आईच्या वेळी समितीला तिने हेच सांगितले होते. तेव्हा मी तिचे आभार मानले होते.

बुटका सहायक होता. त्यालाही विचारले. "सर, तिने सुरुवातीलाच सांगितलं होतं, कोणी बोलायचं नाही. तुमच्या थिएटरचा नियम आहे म्हणाली." मी म्हणालो, "पण तू बघितलंस ना?" तो म्हणाला, "सर, मी स्टुलावर नव्हतो त्या दिवशी. मला आतलं दिसलं नाही." मग हळूच म्हणाला, "मांडीतली शीर अजून जागेवर आहे. मशीन शेजारच्या खोलीत आहे. पाच मिनिटं लागतील. लावू का?"

मी नको म्हणालो.

सुमार निघाली तर पाय मी स्वतः घालवला, पत्रे लिहीत बसून. चांगली निघाली तर माझ्या मुलीने चांगली शीर बघितली, ती झाकली आणि पाय कापला. मी तुला धमकी देऊन आणले आणि तुझ्या हातात सुरी दिली. तू काय केलेस, ते मला कळून घ्यायचे नाही. आणि कळले नाही, तर रोज सकाळी पट्टी बदलताना मी तेच विचारणार आहे. तू हे ओळखून तो शब्द लिहिलास की तो सहज आला? एवढे तरी सांग. नको, सांगू नकोस. तू काहीही लिहिलेस तरी मी विश्वास ठेवणार नाही, आणि कागदावर असे लिहायला तुला मीच शिकवले.

काल विभागाची सकाळची बैठक होती. मला चाकाच्या खुर्चीतून मागे नेऊन बसवले. पडद्यावर माझा पाय होता. नाव झाकले होते. एका नव्या पोरीने, पहिल्या वर्षाच्या, हात वर केला आणि शिरेच्या नकाशाकडे बोट दाखवून विचारले, "सर, साडेतीन मिलिमीटरची सलग शीर होती, मग बायपास का केला नाही? सर्जनची चूक नाही का?" बुटका बुटांकडे बघत होता. पोरीचा आवाज कापत होता, पण तिने विचारले. आमच्या थिएटरमध्ये तुला एवढे करता आले असते, तर तुझी आई आज मला चाकाच्या खुर्चीत बघून हसली असती.

मी मागून म्हणालो, "शीर सुमार होती. मशीन चुकतं कधी कधी. खाली बसा."

ती बसली. तिने वहीत ते लिहून घेतले. बुटक्याने पुढचे चित्र लावले.

— बाबा